सातमाशी, अठमाशी आणि बाळाचा श्वास

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचे शब्दरूप)



चवथीच्या दिवसांत या मंचावर कीर्तन व्हावे, नाटक व्हावे, घुमटआरती रंगावी. ते सोडून दोन डॉक्टरांना फुप्फुसावर बोलायला उभे करायचे म्हणजे मंडळाचे धाडसच. आम्ही दोघेही व्यवसायाने डॉक्टर. एक बाळंतपणाच्या बाजूचा, दुसरा नवजात बाळांच्या बाजूचा. पहिल्याचे काम संपले की दुसऱ्याचे सुरू होते, असा लोकांचा समज आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत तो समज खरा नाही. अशा बाळाला पुढे श्वासाचा किती त्रास होणार, हे बऱ्याच अंशी ते आईच्या पोटात असतानाच ठरत असते. काचेच्या पेटीत आणि व्हेंटिलेटरवर जे घडते ते उत्तरार्धातले. पूर्वार्ध आपल्या घरात, स्वयंपाकघरात आणि गावच्या आरोग्य केंद्रात घडून गेलेला असतो. आज त्याच पूर्वार्धाबद्दल बोलायचे आहे.

सुरुवात आपल्या एका जुन्या समजुतीपासून करू. "सातमाशी मूल जगते, अठमाशी जगत नाही," हे वाक्य इथल्या प्रत्येकाने आजीच्या तोंडून ऐकले असेल. आजही आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या की घरातली मोठी माणसे हवालदिल होतात, आणि सातव्यात सुरू झाल्या तर "होईल, जगेल" म्हणून थोडा धीर धरतात. ही समजूत चुकीची आहे आणि धोक्याचीही आहे. आईच्या पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसाच्या फायद्याचा असतो. अठमाशी मूल सातमाश्यापेक्षा नेहमीच बळकट. त्यामुळे सातव्या महिन्यातल्या कळांना उलट जास्त घाबरायला हवे आणि जास्त वेगाने धावायला हवे.

असे का, ते समजण्यासाठी फुप्फुस कसे घडते ते पाहू. पोटात बाळ हवेचा श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसे पाण्याने भरलेली असतात आणि प्राणवायू नाळेतून येतो. साधारण चोवीस आठवड्यांपर्यंत श्वासनळीच्या फांद्या फुटत असतात, त्यांच्या टोकांशी रक्तवाहिन्यांचे जाळे येत असते. त्यानंतर टोकांना पिशव्या तयार होतात. हवेचे खरे बारीक फुगे, ज्यांना वायुकोश म्हणतात, ते छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास भरभर वाढू लागतात आणि जन्मानंतरही काही वर्षे वाढत राहतात. मोठ्या माणसात त्यांची संख्या तीस कोटींच्या वर जाते.

या फुग्यांना आतून एक स्निग्ध लेप लागतो. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. साबणाच्या पाण्याचा फुगा टिकतो आणि साध्या पाण्याचा टिकत नाही, तसाच हा प्रकार. लेप नसेल तर बाळाने श्वास सोडला की फुगे मिटतात आणि पुढच्या श्वासाला ते पुन्हा जोर लावून उघडावे लागतात. हा लेप चोवीस आठवड्यांच्या सुमाराला बनू लागतो, पण पुरेसा साठतो तो चौतीस-पस्तीस आठवड्यांना. १९५९ मध्ये अमेरिकेत मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिले की वेळेआधी जन्मलेली बाळे श्वासाविना दगावतात ती या लेपाच्या अभावामुळे. पुढे चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या वर होते. तरी दोन दिवसांत तो याच आजाराने गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाच्या मुलासाठीही त्या वेळी उपाय नव्हता. आज तेवढ्या वजनाचे, तेवढ्या दिवसांचे बाळ आपल्या बांबोळीला आले तर बहुधा आईच्या कुशीत घरी जाते.

मग अडचण कुठे आहे? आता पूर्वीपेक्षा कितीतरी लहान बाळे वाचू लागली आहेत. अठ्ठावीस आठवड्यांची, एक किलोची, त्याहूनही कमी. ती वाचतात, पण त्यांपैकी काहींची फुप्फुसे नीट घडत नाहीत. वायुकोश कमी आणि मोठे राहतात, रक्तवाहिन्या विरळ राहतात. महिना झाला, दीड महिना झाला, तरी बाळाचा ऑक्सिजन सुटत नाही. या आजाराचे नाव ब्राँकोपल्मनरी डिसप्लेझिया, थोडक्यात बीपीडी. १९६७ मध्ये विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे पहिले वर्णन केले. तेव्हा तो मुख्यतः व्हेंटिलेटरच्या दाबाने आणि जास्त ऑक्सिजनने झालेल्या जखमांचा आजार होता. आज यंत्रे सौम्य झाली, तरी आजार गेला नाही, कारण आताच्या बाळांमध्ये मूळ प्रश्न फुप्फुसाची वाढ मध्येच खुंटण्याचा आहे. गरोदरपणाचे छत्तीस आठवडे ज्या दिवशी पूर्ण झाले असते, त्या दिवशीही बाळाला ऑक्सिजन लागत असेल तर आम्ही बीपीडी म्हणतो. अशी मुले पुढे वारंवार सर्दी-खोकल्याने आजारी पडतात, पहिल्या दोन वर्षांत पुन्हा पुन्हा दवाखान्यात येतात, त्यांचे वजन धिम्या गतीने वाढते. बहुतेक जण सावरतात, पण घर मात्र त्या दोन वर्षांत पिळून निघते.

हा प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे वेळेआधी जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख आपल्या देशात. सगळ्यांना बीपीडी होत नाही. बत्तीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्यांना धोका खरा, आणि अठ्ठावीसच्या आधीच्यांना सर्वाधिक. पण एकाच दिवशी, एकाच वजनाची दोन बाळे आली तरी एकाचा ऑक्सिजन पंधरा दिवसांत सुटतो आणि दुसऱ्याचा तीन महिने सुटत नाही, असे आम्ही पाहतो. हा फरक कशामुळे पडतो, ते शोधत गेले की पोटातल्या महिन्यांपाशी जावे लागते.

पहिली गोष्ट रक्तदाबाची. गरोदरपणात रक्तदाब वाढला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली की वार नीट काम करत नाही. मग बाळाला आधीच बाहेर काढावे लागते, हा एक तोटा. शिवाय अशा आजारी वारेतून आईच्या रक्तात नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी द्रव्ये उतरतात. फुप्फुस हे तर रक्तवाहिन्यांच्या आधारानेच वाढणारे इंद्रिय. म्हणून या मातांच्या बाळांना बीपीडीचा धोका जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

दुसरी गोष्ट पोटातच वाढ खुंटण्याची. दिवस तेवढेच, पण वजन दिवसांच्या मानाने कमी, अशा बाळाला बीपीडीचा धोका स्पष्टपणे जास्त असतो. जन्माआधीच्या कारणांत आम्ही याला फार वरचे स्थान देतो. आईचे पोट लहान दिसते, वजन वाढत नाही, बाळाची हालचाल मंद वाटते, या गोष्टी "सडपातळ आहे, नाजूक आहे" म्हणून सोडून द्यायच्या नसतात.

तिसरी गोष्ट जंतुसंसर्गाची. पाणी जाऊन दोन-दोन दिवस घरी बसलेल्या बाया आजही येतात. पिशवीत संसर्ग शिरला की तो कळा लवकर आणतो आणि बाळाच्या कोवळ्या फुप्फुसाला जन्माआधीच सूज आणतो. लघवीची जळजळ, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी, बारीक ताप यांची लाज वाटते म्हणून सांगितले जात नाही. सासूला सांगता येत नसेल तर नर्सबाईंना सांगा, पण सांगा.

चौथी गोष्ट तंबाखू आणि धूर. आमच्या बायका कुठे सिगारेट ओढतात, असे आपण म्हणतो. पण मिशेरीचे काय? कोकणपट्टीत आजही कित्येक घरांत सकाळी मिशेरी लावल्याशिवाय दिवस उगवत नाही. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये बहुतेकजणी मिशेरी लावणाऱ्याच होत्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि गरोदरपण सरासरी सहा दिवसांनी आखूड झाले. सहा दिवस म्हणजे काय, असे वाटेल. एकोणतिसाव्या आठवड्यात सहा दिवसांची किंमत काय असते, ते नवजात अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या बापाला विचारावे. नवऱ्याची विडी-सिगारेटही इथेच धरा. तो बाहेर गॅलरीत ओढतो म्हणून धूर बाहेर राहत नाही.

धुराबरोबर धूळही आली. डिचोलीकरांना ट्रकांची लाल धूळ काय असते ते सांगायला नको. गेल्या काही वर्षांत पेडण्यानेही मोपाच्या निमित्ताने डोंगरकापणी आणि बांधकामाची धूळ पाहिली. हवेतल्या सूक्ष्म कणांचा वेळेआधीच्या जन्माशी आणि कमी वजनाशी संबंध जगभरच्या अभ्यासांत दिसून आला आहे. गरोदर बाईने धुळीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी लावावी, झाडताना आधी पाणी शिंपडावे, चुलीसमोर तासन् तास बसू नये, एवढे घरात होते. रस्त्यावर पाणी मारून घेणे, ताडपत्री झाकल्याशिवाय ट्रक सुटू न देणे, हे पंचायतीचे आणि आपल्या सगळ्यांचे काम. ते एकट्या गरोदर बाईच्या माथी मारू नये.

बाकीची कारणे थोडक्यात. जुळी-तिळी बाळे लवकर येतात. मधुमेह ताब्यात नसेल तर बाळाच्या फुप्फुसातला लेप उशिरा तयार होतो. दोन बाळंतपणांत फार थोडे अंतर, अंगात रक्त कमी, अगदी लहान वयातले गरोदरपण, यांनीही वेळेआधी जन्माचा धोका वाढतो. एक गंमतीची आणि विचार करायला लावणारी गोष्टही आहे. मुलग्याचे फुप्फुस मुलीपेक्षा सावकाश पिकते, आणि बीपीडी मुलग्यांना जास्त होतो. नवस मुलग्यासाठी बोलतो, पण चिवट निघते ती मुलगी!

आता उपायांकडे वळू. सर्वांत मोठा उपाय स्वस्तातला आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंडचे डॉ. लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टिरॉइड दिलेली कोकरे फार लवकर जन्मूनही श्वास घेतात, हे त्यांच्या लक्षात आले. डॉ. हॉवी यांच्यासह त्यांनी गरोदर स्त्रियांवर चाचणी केली आणि ती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. वेळेआधी बाळंत होऊ घातलेल्या आईला इंजेक्शन दिले की ते वारेतून बाळापर्यंत जाते, फुप्फुसाला घाईने पिकवते आणि जन्मानंतरचा श्वासाचा त्रास व मृत्यू कमी होतात. आपल्याकडे डेक्सामेथासोन वापरतात. बारा-बारा तासांनी ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान वेळेआधी कळा आल्या, तर उपकेंद्रातील नर्सलाही पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याची मुभा आहे.

याबाबतची एक मोठी चाचणी आपल्या अगदी शेजारी झाली. साखळीहून चोर्ला घाट चढला की बेळगाव. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत ही चाचणी घेतली, त्यातले एक केंद्र बेळगावचे होते. २०२० मध्ये निकाल आला. इंजेक्शन मिळालेल्या गटात नवजात बाळांचे मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के. म्हणजे शंभरांमागे जवळजवळ चार बाळे जास्त वाचली. पण त्याआधी, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीतून उलट धडाही मिळाला. त्यातही बेळगाव आणि नागपूर होते. जिथे दिवसांची नीट खात्री नव्हती आणि बाळाची पुढची देखभाल तोकडी होती, तिथे सरसकट इंजेक्शन दिल्याने फायदा झाला नाही, उलट अपाय दिसला. दिवस नक्की माहीत असावेत, आई योग्य रुग्णालयात असावी, मगच हे औषध काम करते. आणखी एक स्पष्ट करतो. हे इंजेक्शन बीपीडीपासून संपूर्ण संरक्षण देत नाही. ते बाळाला जगवते आणि व्हेंटिलेटरचा भार हलका करते. बाकीचे काम राहतेच.

रक्तदाबाच्या बाबतीतही एक साधे औषध आहे, ॲस्पिरिनची छोटी गोळी. बेळगाव-नागपूरसह सहा देशांत पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेळेआधीच्या जन्मांचे प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आले. ही गोळी मनाने घ्यायची नाही. पण ती पहिल्या तीन-चार महिन्यांतच सुरू करावी लागते, म्हणून डॉक्टरकडे लवकर जायला हवे. इथे आपली आणखी एक रीत आडवी येते. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचे नाही! शेजारणीला सांगू नका, हरकत नाही. आरोग्य केंद्रात मात्र सांगा. अकरा ते तेरा आठवड्यांच्या सोनोग्राफीतून दिवसांची खात्री होते, आणि वर सांगितलेले सगळे उपाय त्या खात्रीवर उभे आहेत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील ९९ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसते. ही अभिमानाची गोष्ट. पण सातव्या महिन्यातल्या कळांना कुठलाही दवाखाना चालत नाही. हरमल-केरी असो वा मये-शिरगाव, जवळच्या केंद्रात तपासून, पहिले इंजेक्शन घेऊन, बाळ पोटात असतानाच नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पोहोचणे महत्त्वाचे. जन्मल्यावर त्या नखाएवढ्या जिवाला गाडीतून नेण्यापेक्षा पोटातून नेणे केव्हाही बरे. १०८ ला फोन करायला भटजींना किंवा जावयाला विचारण्याची गरज नाही.

आपला भाग सीमेवरचा. पहिले बाळंतपण माहेरी. पेडण्याची सून सावंतवाडीला जाते, दोडामार्गची लेक डिचोलीला येते. गडबडीच्या रात्री कळते की सोनोग्राफीचा रिपोर्ट सासरच्या कपाटात आहे! मग दिवस अंदाजाने धरावे लागतात. एक प्लॅस्टिकची पिशवी करा. त्यात आरोग्य कार्ड, पहिली सोनोग्राफी, रक्तगट आणि औषधांची चिठ्ठी ठेवा. बाई जिथे जाईल तिथे ती पिशवी गेली पाहिजे.

आता चवथीच्याच दिवसांतले. गरोदर सुनेने पहाटेपासून रात्रीपर्यंत पन्नास माणसांचा स्वयंपाक करायचा, कंबर दुखते म्हटले की "आमच्या वेळी आम्ही नाही केले?" म्हणायचे, हे थांबवू या. पोट पुन्हा पुन्हा घट्ट होणे, कंबरेत थांबून थांबून कळ येणे, पाणी किंवा रक्त जाणे, डोके जोरात दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्याला सूज, बाळाची हालचाल कमी होणे, यांतले काहीही झाले तर विसर्जनाची वाट पाहू नका. आणि ज्यांना चतुर्थीच्या मुहूर्तावरच सिझेरियन हवे असते त्यांनाही सांगतो. वैद्यकीय कारण नसताना एकोणचाळीस आठवड्यांआधी बाळ काढले तर त्याला बीपीडी होणार नाही, पण फुप्फुसात पाणी राहून श्वासाचा त्रास होऊ शकतो. गजाननाला मुहूर्ताची घाई नसते, आपल्यालाच असते.

शेवटचे आणि आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. ही कारणे ऐकून कुणी घरी जाऊन सुनेला "तुझ्यामुळे झाले" म्हणणार असेल, तर आमचे भाषण वाया गेले. रक्तदाब तिने मागून घेतला नाही. वार तिने बिघडवली नाही. पुष्कळदा सगळे नीट करूनही बाळ लवकर येते आणि कारण सापडत नाही. ऑक्सिजनवरच्या बाळाला आईचे दूध हवे असते, तिच्या छातीवरची ऊब हवी असते. खचलेल्या आईकडून ती मिळणे अवघड. बाळ घरी आल्यावर त्याच्या खोलीत धूप, उदबत्ती, ओव्याची धुरी, मच्छर अगरबत्ती नको. लसी वेळेवर हव्यात. आणि आईला सलग चार तास झोप मिळेल एवढी मदत हवी.

याच पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावचे भाऊ दाजी लाड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच त्यांनी बालिकाहत्येच्या चालीवर निबंध लिहून बक्षीस मिळवले होते. लहान जिवांची काळजी ही नुसती औषधाची गोष्ट नाही, चालीरीतींचीही आहे, हे आपल्या मातीतल्या माणसाने इतक्या आधी ओळखले होते.

म्हणून मंडळाला आमची एक विनंती आहे. पुढच्या वर्षी रोषणाईचा खर्च थोडा कमी करा. वाड्या-वाड्यांत, आणि आपल्याकडे भाड्याच्या खोल्यांत राहून हॉटेलांत, बांधकामांवर राबणाऱ्या बायकांतही, कोण गरोदर आहे याची अंगणवाडी सेविकांच्या मदतीने विचारपूस करा. रात्री-अपरात्री गाडी काढायला तयार असलेल्या दहा तरुणांचे फोन नंबर आरोग्य केंद्रात लावून ठेवा. रक्तदाब मोजण्याचे एक चांगले यंत्र घ्या. एवढ्याने सगळी बाळे वेळेवर येतील असे नाही. पण जी लवकर येतील ती योग्य जागी, इंजेक्शन मिळालेली आणि कमी दुखावलेली फुप्फुसे घेऊन येतील.

 प्रश्न विचारायला लाजू नका, आरती होईपर्यंत आम्ही दोघे इथेच आहोत.

गणपती बाप्पा मोरया!